दांतांचा विमा आणि त्याचा दावा

‘दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येते. विम्याच्या व्यवहारांत या म्हणीचें एक निराळें रूप दृष्टीस पडतें. पॉलिसी कपाटांत आहे, हप्ते वेळच्या वेळीं भरलेले आहेत, दांतहि दुखत आहे आणि दंतवैद्याचें बिलहि हातांत आहे. आणि इतकें सर्व असूनहि विमा कंपनीकडून उत्तर येतें कीं, हा खर्च पॉलिसींत बसत नाहीं. कंपनीनें फसविलें असा ग्रह होऊन मनुष्य स्वस्थ बसतो. पुष्कळदां कंपनीचें म्हणणें कराराला धरून असतें. कांहीं वेळां तें तसें नसतें, आणि नेमक्या त्याच वेळीं स्वस्थ बसल्यानें हक्काचा पैसा बुडतो. हा भेद ओळखतां यावा एवढ्यासाठीं दांतांच्या दाव्याचा व्यवहार कसा चालतो हें समजून घेणें अगत्याचें आहे.

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली हें गांव आहे. एका अंगास धरण, दुसऱ्या अंगास मोरिवलीपर्यंत पसरलेले कारखाने, आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारतींतून पहाटेची लोकल गांठण्यास निघणारा नोकरदार वर्ग, अशी तेथील वस्ती. या वस्तींतील एकाच इमारतींत राहणारीं तीन कुटुंबें श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावीं. पहिल्या घरांतील कर्ता पुरुष रसायनांच्या कारखान्यांत कामगार आहे. दुसऱ्या घरांतील तरुण मुंबईच्या एका कचेरींत जातो आणि स्टेशनापर्यंत मोटारसायकल चालवितो. तिसऱ्या घरांत एक सेवानिवृत्त शिक्षक व त्यांची पत्नी राहतात. एकाच पावसाळ्यांत तिघांच्याहि दांतांवर संकट येतें. कामगार ओल्या फरशीवर घसरून समोरच्या लोखंडी कठड्यावर आपटतो आणि त्याचे पुढचे दोन दांत तुटतात. तरुणाची मोटारसायकल खड्ड्यांत जाऊन त्याचा जबडा मोडतो व पुढचे दोन दांत निखळतात. आणि शिक्षकांची कित्येक महिने ठणकणारी दाढ अखेर मुळापर्यंत किडल्याचें निघून तिचें रूट कॅनाल करावें लागतें. तिघांनाहि विमा आहे. परंतु तिघांच्या वाट्यास येणारें फळ अगदीं भिन्न आहे.

शिक्षकांची गोष्ट आधीं घ्यावी. कारण बहुसंख्य लोकांचा अनुभव तोच असतो. त्यांचा दावा नाकारला जातो, आणि तो नियमास धरूनच नाकारला जातो. भारतांतील सामान्य आरोग्यविम्याची पॉलिसी ही मूलतः इस्पितळांत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची पॉलिसी आहे. सामान्यतः निदान चोवीस तास रुग्णानें इस्पितळांत राहिलें पाहिजे. किंवा उपचार हा एका दिवसांत घरीं जातां येणाऱ्या शस्त्रक्रियांपैकीं असला पाहिजे. इस्पितळ कशास म्हणावें हेंहि विमा नियामक प्राधिकरणानें ठरवून दिलेलें आहे. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गांवीं निदान १० खाटा, इतरत्र निदान १५, शिवाय रात्रंदिवस परिचारिका व सुसज्ज शस्त्रक्रियागृह, अशी ती व्याख्या आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यांत खाट नसते, खुर्ची असते. तेव्हां तेथें झालेला उपचार कितीहि खर्चाचा आणि कितीहि वेदनेचा असला, तरी पॉलिसीच्या दृष्टीनें तो इस्पितळाबाहेरचाच ठरतो. दांत तपासणें, चांदी भरणें, टोपी बसविणें, दांत काढणें हीं सर्व कामें ‘दंतोपचार’ या शब्दाच्या ठराविक व्याख्येंत नांवानिशीं येतात. आणि बहुतेक पॉलिस्या हा दंतोपचार, तो रोगामुळें अथवा इजेमुळें आवश्यक होऊन इस्पितळांत दाखल व्हावें लागल्याखेरीज, वगळून टाकतात.

विमा कंपन्यांनीं दांतांशींच एवढें वैर कां धरावें? याचें उत्तर विम्याच्या मूळ तत्त्वांत आहे. शंभर घरांपैकीं कोणत्या घरास आग लागेल हें ठाऊक नसतें, म्हणून शंभरहि घरें थोडें थोडें देऊन जळणाऱ्या एका घराची भरपाई करतात. अनिश्चितता हा विम्याचा प्राण आहे. दांतांच्या बाबतींत हा प्राणच क्षीण होतो. दांत बहुतेकांचे किडतात. ते एका रात्रींत किडत नाहींत. आणि मुख्य म्हणजे दाढेचें काम या महिन्यांत करावयाचें कीं पुढच्या वर्षीं, हें पुष्कळ अंशीं रुग्ण स्वतःच ठरवितो. दाढ ठणकूं लागल्यावर विमा घ्यावा, काम उरकावें आणि पुढच्या वर्षीं हप्ता थांबवावा, असें सर्वांनीं केलें तर हप्ता हा बिलाएवढाच करावा लागेल. आजकाल कांहीं कंपन्या जादा हप्ता घेऊन इस्पितळाबाहेरच्या उपचारांचें, त्यांत दांतांचेंहि, एक जोडकलम देतात. त्यांतील वार्षिक मर्यादा आणि जादा हप्ता हे दोन आंकडे कागदावर शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. त्यांतील अंतर पुष्कळदां इतकें थोडें असतें कीं, त्यास विम्यापेक्षां आगाऊ भरलेली रक्कम म्हणणेंच अधिक शोभेल.

सरकारें देखील या दांतांपुढें नमलेलीं आहेत. इंग्लंडांत ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि दंतोपचार व कवळ्या सर्वांस विनामूल्य मिळूं लागल्या. वर्षानुवर्षें दुखणें सोसून बसलेले लोक दंतवैद्यांच्या दारीं लोटले, आणि खर्चाचा अंदाज पार कोसळला. १९५१ सालीं कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचें ठरलें. ती योजना ज्यांनीं उभारली होती ते ॲन्युरिन बेव्हन त्या वेळीं मजूरमंत्री होते. या आकाराच्या प्रश्नावर त्यांनीं एप्रिल १९५१ मध्यें मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका साम्राज्याच्या मंत्रिमंडळांत फूट पडावी एवढें सामर्थ्य कवळीच्या अंगीं होतें.

आतां पहिल्या घरांतील कामगाराकडे वळावें. त्याला जो विमा आहे तो निराळ्याच जातीचा आहे. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनीं औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीं १९४४ सालीं सरकारला अहवाल सादर केला. त्यांतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निर्माण झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजनेस आरंभ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट झाला असला, तरी योजनेचा गाभा तोच आहे. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या दरानें कामगाराच्या वेतनांतून शेंकडा ०.७५ व मालकाकडून शेंकडा ३.२५ इतकी वर्गणी जाते. महिना १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे १३५ रुपये कापले जातात आणि मालक ५८५ रुपये भरतो. १ जानेवारी २०१७ रोजीं ठरलेली वेतनाची मर्यादा २१,००० रुपयांची आहे.

या योजनेंत उपचाराच्या खर्चासाठीं दावा असा करावाच लागत नाहीं, हा तिचा मोठा विशेष. कामगारानें विमा क्रमांक घेऊन योजनेच्या दवाखान्यांत जावें, आणि तेथून जरूर पडल्यास उल्हासनगरच्या विमा रुग्णालयाकडे चिठ्ठी घ्यावी. दांत कशानें गेला, किडीनें कीं आघातानें, यावर त्याचा उपचार अडत नाहीं. रसायनांच्या कारखान्यांत याला विशेष महत्त्व आहे. आम्लाच्या वाफा वर्षानुवर्षें अंगावर घेणाऱ्या कामगारांच्या पुढच्या दांतांचें कवच हळूहळू झिजतें, ही वैद्यकांत पूर्वींपासून ठाऊक असलेली गोष्ट आहे. अशा झिजेला अपघाताची तारीख कोठून आणावी? खाजगी पॉलिसीपुढें हा मनुष्य निरुत्तर होईल.

परंतु अपघात झाला असेल तर एक कागद मात्र या योजनेंतहि सोडतां कामा नये, आणि तो म्हणजे कारखान्याच्या अपघात-नोंदवहींतील नोंद. कामावर झालेल्या इजेमुळें, अपघाताचा दिवस सोडून, निदान तीन दिवस कामावर जातां आलें नाहीं, तर सरासरी वेतनाच्या शेंकडा ९० या मानानें भत्ता मिळतो. साध्या आजाराचा भत्ता शेंकडा ७० आहे, वर्षांत ९१ दिवसांपुरता आहे, आणि त्यासाठीं आधीच्या सहामाहींत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ‘दोन दांतच तर गेले’ म्हणून नोंद न करतां घरीं आलेला कामगार पुढें जबडा सुजून आठवडाभर अंथरुणास खिळला, तर त्याची इजा कामावरचीच होती हें सिद्ध करणें त्यालाच जड जातें. घरून कामावर जातांना किंवा परततांना झालेला अपघातहि, वेळ, स्थळ व काम यांचा संबंध जुळत असल्यास, कामावरचा समजण्याची तरतूद २०१० सालापासून आहे. पुष्कळ कामगारांस ही गोष्ट ठाऊक नसते.

मधल्या घरांतील तरुणाची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे, कारण दावा हा शब्द खऱ्या अर्थानें त्यालाच लागू पडतो. त्याच्याजवळ ३ लाख रुपयांची ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी आहे असें धरावें. सर्व कंपन्यांनीं एकाच स्वरूपांत विकावी म्हणून नियामक प्राधिकरणानें ही पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून सुरू केली. रोगामुळें वा इजेमुळें आवश्यक झालेला दंतोपचार, इस्पितळांत दाखल असतां, तिच्या शब्दांतच समाविष्ट आहे. येथें दांत हे अपघाताच्या मागोमाग विम्याच्या दारांतून आंत येतात.

त्याच्या दाव्याचा निकाल बव्हंशीं पहिल्या रात्रींच लागून जातो, आणि तो एका केसपेपरवर लागतो. अपघात केव्हां, कोठें व कसा झाला, जबड्यास आणि दांतांस काय इजा झाली, हें दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरनें प्रथम जें लिहिलें, तेंच पुढें कंपनी प्रमाण मानते. घाईघाईंत ‘जबडा मोडला’ एवढेंच लिहिलें गेलें आणि दांतांचा उल्लेख राहिला, तर तीन आठवड्यांनीं आलेलें दांतांचें बिल अनाथ होतें. म्हणून दांतांची नोंद क्रमांकानिशीं करून घ्यावी. दंतवैद्य जगभर वापरतात त्या दोन अंकी पद्धतींत पहिला अंक तोंडाचा भाग दाखवितो व दुसरा अंक मध्यापासून कितवा दांत तें सांगतो. वरचे मधले दोन दांत ११ आणि २१ होत. (अमेरिकेंत मात्र १ पासून ३२ पर्यंत सरळ मोजतात, आणि तेथें ११ म्हणजे वरचा डावा सुळा! तिकडे राहणाऱ्या मुलांकडे गेलेल्या आईबापांनीं एका देशांतील कागद दुसऱ्या देशांत दाखवितांना हें ध्यानांत ठेवावें.) केसपेपर, क्ष-किरण चित्र, दंतवैद्याचा अंदाज आणि अखेरचें बिल या चारहि ठिकाणीं तोच क्रमांक असला म्हणजे शंकेस जागा उरत नाहीं. वाहनाचा अपघात असल्यानें इस्पितळांतील पोलीस-नोंदीची प्रतहि मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट मुदतीची. अचानक दाखल व्हावें लागल्यास चोवीस तासांच्या आंत, किंवा सुटका त्यापूर्वीं होत असेल तर सुटकेपूर्वीं, कंपनीस कळवावें लागतें. इस्पितळ कंपनीच्या यादींतील असेल तर रोख न भरतां उपचार मिळण्याची सोय असते. तिच्या अर्जावर एका तासांत आणि सुटकेच्या वेळच्या अखेरच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा दंडक २९ मे २०२४ च्या परिपत्रकानें घातलेला आहे. इस्पितळ यादींत नसल्यास आधीं स्वतः पैसे भरून सुटकेपासून तीस दिवसांत कागदपत्रें पाठवावीं लागतात, आणि कंपनीनें पंधरा दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. हे कागद ज्याच्याकडे जातात तो टी.पी.ए. हा केवळ कंपनीचा कारभारी आहे. दावा नाकारण्याचा अधिकार कंपनीचा आहे, आणि तोहि तिच्या परीक्षण-समितीच्या संमतीवांचून वापरतां येत नाहीं. तेव्हां टी.पी.ए.च्या कचेरींतून दूरध्वनीवर मिळालेला नकार हा नकार नव्हेच. तो लेखी, आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखालीं आहे हें दाखवून, मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट खोलीची. या पॉलिसीच्या मूळ नियमांप्रमाणें खोलीचें भाडें विमारकमेच्या शेंकडा २, परंतु दिवसास ५,००० रुपयांहून अधिक नाहीं, इतकेंच मिळतें. तरुणाच्या नातलगांनीं कळवळ्यानें ८,००० रुपयांची खोली घेतली आणि तीन दिवसांचें बिल एक लाख झालें असें समजावें: खोली २४,०००, शस्त्रक्रिया व इतर आकार ६४,०००, औषधें १२,०००. सर्वसाधारण समजूत अशी कीं, खोलीचे जादा ९,००० रुपये तेवढे अंगावर पडतील. परंतु नियम असा आहे कीं, खोली ज्या प्रमाणांत महाग, त्याच प्रमाणांत औषधांवांचून बाकीचा आकारहि कापला जातो. म्हणून खोलीचे १५,०००, शस्त्रक्रियेचे ६४,००० ऐवजीं ४०,००० आणि औषधांचे १२,००० मिळून ६७,००० होतात. त्यांतून विमेदाराचा शेंकडा ५ वांटा वजा जातां हातीं येतात ६३,६५०. हीच सर्व कामें त्याच आकारांत ५,००० रुपयांच्या खोलींत झालीं असतीं, तर ९१,००० च्या बिलावर ८६,४५० मिळाले असते व पदरचे फक्त ४,५५० गेले असते. आतां ३६,३५० जातात. सारांश, तीन रात्रींच्या खोलीची खरी किंमत ९,००० नसून ३१,८०० रुपये झाली.

यापुढें येतो तो दांतांच्या दाव्यांतील सर्वांत अवघड भाग, आणि त्याचा बोभाटा फारसा कोणी करीत नाहीं. जबड्याचें हाड जुळल्यावर निखळलेल्या दांतांच्या जागीं हाडांत स्क्रू रोवून नवे दांत बसवावयाचे, तर हाड त्या स्क्रूला धरण्यास कित्येक महिने लागतात. पॉलिसी मात्र सुटकेनंतरच्या साठ दिवसांचाच खर्च मोजते. शरीराचें घड्याळ आणि कराराचें घड्याळ यांचा येथें मेळ बसत नाहीं. शिवाय पुष्कळ पॉलिस्या असे रोवलेले दांत व कवळ्या स्पष्टपणें वगळतात. यावर युक्ति नाहीं. परंतु सावधगिरी आहे. इस्पितळांतील मुक्कामांतच दांतांसंबंधीं जें करणें वैद्यकदृष्ट्या योग्य व शक्य असेल, तें करून घ्यावें किंवा काय, हें शस्त्रवैद्यास त्याच वेळीं विचारावें. पुढच्या कामाचा लेखी अंदाज सुटकेच्या कागदाबरोबर घ्यावा. आणि साठ दिवसांत जेवढें काम होईल त्याचा स्वतंत्र दावा तें काम संपल्यापासून पंधरा दिवसांत पाठवावा. इस्पितळाचें मुख्य बिल मंजूर झालें म्हणून हा दुसरा दावा करावयाचा राहून जाणें, ही नित्याची चूक आहे.

या ठिकाणीं एक मोह आडवा येतो, आणि तो शिक्षकांच्या घरींहि शिरतो. ‘किडलेल्या दाढेचा अपघात दाखवूं, पैसे मिळतील,’ असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. किडीनें पोखरलेली दाढ आणि आघातानें तडकलेला दांत क्ष-किरण चित्रांत जाणत्याच्या नजरेस सामान्यतः वेगळे ओळखूं येतात. पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली म्हणजे जुनी माहिती सांगितली नाहीं या सबबीवर कंपनीस तक्रार करतां येत नाहीं. परंतु सिद्ध झालेल्या लबाडीस हें संरक्षण नाहीं. दाढेच्या कांहीं हजारांसाठीं पुढच्या हृदयविकाराचें वा कर्करोगाचें संरक्षण गमावणें हा सौदा हिशेबी माणसास परवडणारा नव्हे.

आणि खऱ्या अपघाताचा दावाहि ‘दंतोपचार वगळलेला आहे’ एवढ्याच शेऱ्यानें परत आला तर? असें घडतें, कारण ‘दांत’ हा शब्द पाहतांच वगळणुकीचें कलम लावण्याची संवय तपासनिसांस जडलेली असते, आणि त्याच कलमांतील इजेचा अपवाद नजरेआड होतो. तरुणानें प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी लिहावें व कलमांतील तो अपवाद शब्दशः दाखवावा. एक महिन्यांत उत्तर आलें नाहीं किंवा आलेलें पटलें नाहीं, तर वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें शुल्क नाहीं आणि वकील लागत नाहीं, किंबहुना चालतच नाहीं. ५० लाखांपर्यंतचे तंटे तेथें निवडले जातात, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीनें तीस दिवसांत अमलांत आणावयाचा असतो. तक्रारीबरोबर नकाराचें पत्र, पॉलिसीची सर्व पानें, क्ष-किरण चित्रें व बिलें जोडावीं. आणि पहिल्या रात्रीचा तो केसपेपर सर्वांच्या वर ठेवावा.